सीनियरचा प्रोजेक्ट हॅकेथॉनला ‘नवा’ म्हणून दाखवायचा का?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसाठी (ठरलेल्या वेळात सलग बसून प्रोजेक्ट बनवायची देशपातळीवरची विद्यार्थी स्पर्धा) कॉलेजची आतली फेरी, तुम्ही जिला ‘इंटरनल’ म्हणता, ती पुढच्या शनिवारी आहे. सहा जणांच्या टीममध्ये निदान एक मुलगी हवीच, या नियमामुळे तुला घेतलं आणि तुझ्याकडे फक्त पीपीटी दिली. लीडरने ठरवलंय की गेल्या वर्षीच्या एका सीनियरचा बीई प्रोजेक्ट, पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखणारा, नाव आणि रंग बदलून आपला म्हणून मांडायचा. ‘सगळेच असं करतात, एवढ्या वेळात नवं काही होत नाही’ असं त्याचं म्हणणं. तू बोललीस तर टीममधून काढतील, ही भीती. आणि शेवटी तू विचारलंयस, की चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेणं चालतं, मग सीनियरचा कोड का चालू नये?

मी पुण्यात १८ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि त्यातली दहाएक वर्षं कॉलेजांच्या हॅकेथॉनना कधी मेंटर, कधी परीक्षक म्हणून जाते. तुझ्या वयाच्या मुलींशी कायम बोलणं होतं, म्हणून अगंतुगं करतेय.

मला वाटतं, तुला खरी बोच जुन्या कोडची नाही. पीपीटी तुझ्याकडे आहे, म्हणजे शनिवारी समोर उभं राहून ‘हे आम्ही केलं’ हे वाक्य तुझ्या तोंडून जाणार आहे. कोड कोणाचाही असो, खोटं बोलण्याचं काम तुझ्या वाट्याला आलंय. तिथूनच उत्तराला सुरुवात करते, कारण जुना कोड वापरणं आणि तो नवा म्हणून सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझा लीडर त्यांची गल्लत करतोय.

जुन्या कोडवर काम करण्यात मुळात काही वावगं नाही. हॅकेथॉन हा शब्द जिथून आला असं मानतात, ती १९९९ च्या जूनमधली कॅनडातल्या कॅलगरीची बैठक घे. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचे दहा डेव्हलपर एकत्र बसले आणि आधीपासून असलेल्या सिस्टीमवरच काम केलं. कुठला भाग आधीचा आणि कुठला तिथे बसून लिहिलेला, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आता स्पर्धा आली, परीक्षक बाहेरून येऊ लागले, आणि त्यांना हे माहीत नसतं. ते आपण सांगायचं, एवढीच जबाबदारी वाढली.

किती जुनं चालतं, हे मात्र ज्या त्या हॅकेथॉनवर अवलंबून आहे. इथे मी एकच ठाम उत्तर दिलं तर तुझी दिशाभूल होईल. विद्यार्थ्यांच्या हॅकेथॉनशी जोडलेल्या मेजर लीग हॅकिंग या संस्थेच्या नियमांत कल्पना आधीची चालते, ओपन सोर्स लायब्ररी (इतरांनी सगळ्यांसाठी खुला ठेवलेला तयार कोड) चालतात, जुन्या प्रोजेक्टमध्ये नवी भर घातली तरी चालते. पण परीक्षक गुण देताना फक्त त्या वेळात केलेली भरच धरतात. घरी आधी सगळं लिहून, ते ओपन सोर्स म्हणून टाकून, तिथे ‘लायब्ररी’ म्हणून उचलायचं, ही पळवाट तर त्यांनी नाव घेऊन बंद केली आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचा बाज वेगळा. २०१७ पासून शिक्षण मंत्रालय आणि एआयसीटीई ही तंत्रशिक्षण परिषद ते भरवतात. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते, पण कल्पना त्याच्या कितीतरी आधी सादर केलेली असते, त्यामुळे टीम तयारी करूनच येतात आणि यावंच अशी अपेक्षा असते. म्हणजे ‘आधी काही केलं होतं’ हा तिथे गुन्हा नाही. कॉलेजच्या आतल्या फेरीचे बारकावे पुन्हा कॉलेजागणिक बदलतात. कुठे नुसती पीपीटी मागतात, कुठे दिवसभर बसवून प्रोटोटाइप. तुमच्याकडे काय आहे ते तुमच्या स्पॉक, म्हणजे कॉलेजकडून या स्पर्धेचं काम पाहणाऱ्या, सरांना किंवा मॅडमना विचारावं लागेल. पण यातला कुठलाही नियम घेतलास तरी ‘दुसऱ्याचं काम आपलं म्हणून सांगा’ असं कुठेच लिहिलेलं नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो, आणि ही कृती माझी आहे असं सांगण्याचा लेखकाचा हक्क त्याने कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी त्याच्याकडेच राहतो. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, कोड उघडा दिसतोय पण लायसन्सची फाइल नाही, याचा अर्थ कोणीही घ्यावा असा नसतो. उलट वापरायची परवानगी दिलेलीच नाही असा असतो. एमआयटी लायसन्स, म्हणजे वापरायला मोकळी परवानगी देणारं, असेल तर वापरा, पण मूळ नावाची नोंद तशीच ठेवा.

आता तुमच्या प्रोजेक्टबद्दल बोलते, कारण पानावरून रोग ओळखणारी ॲप्स मी इतकी पाहिली आहेत की त्यांची नस मला माहीत आहे.

काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी परीक्षक होते. पहाटेचे साडेतीन झाले होते, दुसरी पाहणी चालू होती. एका टेबलावर चार मुलं, समोर ॲप, स्क्रीनवर वर हिरव्या पट्टीत ‘अचूकता ९९ टक्के’. मी व्हरांड्यात गेले. दाराशीच तुळशीची कुंडी होती, पण रात्री तुळस तोडत नाहीत, म्हणून पलीकडच्या जास्वंदीचं एक पान आणलं आणि म्हटलं, याचा फोटो काढ. ॲपने सांगितलं, ‘टोमॅटो, उशिरा येणारा करपा, ९७ टक्के.’ पान निरोगी होतं आणि जास्वंदीचं होतं. यावर मी गुण कापले नाहीत, कारण अनोळखी पान दिलं की असली मॉडेलं (फोटोंवरून शिकून ओळखणारे प्रोग्राम) अशी फसतातच. मी पुढचा प्रश्न विचारला, ‘द्राक्षावरचा केवडा रोग ओळखतं का?’ त्यांच्यातल्या एकाच्या घरी द्राक्षबाग होती, त्यानेच मघाशी सांगितलं होतं. तो रोगांची यादी असलेली फाइल शोधू लागला. दोन फोल्डर चुकीचे उघडले, तिसऱ्यात सापडली. बोट खाली सरकवत तो वाचत गेला आणि थांबला. केवडा त्यात नव्हता. ज्या रोगासाठी त्याचे वडील फवारणीवर पैसे घालत होते, तो रोग आपल्या ॲपला माहीतच नाही, हे त्याला माझ्यासमोर कळलं, कारण ती यादी तो आयुष्यात पहिल्यांदा वाचत होता. ॲप दुसऱ्या कोणीतरी बनवलं होतं.

त्यांच्या ॲपमागे होता तो प्लांटव्हिलेजचा फोटोसंच, आणि तुमच्या सीनियरनेही बहुधा तोच घेतला असेल. त्यात ५४ हजारांवर फोटो आणि १४ पिकं आहेत. द्राक्ष आहे, पण त्यात ब्लॅक रॉट, एस्का आणि पानावरचा एक करपा एवढेच रोग. आपल्या बागायतदाराची झोप उडवणारे केवडा आणि भुरी द्राक्षाच्या पानांत नाहीतच. डाळिंब नाही, कापूस नाही, ऊस नाही. आणि बहुतेक फोटो तोडलेलं एकच पान साध्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. शेतात तसं पान कुठे मिळतं? तिथे मागे माती असते, ऊन असतं, दुसरी पानं असतात, औषधाचे पांढरे डाग असतात.

याच फोटोंवर मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच संचातल्या बाजूला राखून ठेवलेल्या फोटोंवर त्यांच्या मॉडेलची अचूकता ९९.३५ टक्के आली. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. हे दोन्ही आकडे त्यांनी स्वतःच एकाच निबंधात लिहिले आहेत. हॅकेथॉनच्या पोस्टरांवर मला कायम पहिलाच आकडा दिसतो. दुसरा आकडा ज्या टीमने आपणहून सांगितला, तिच्यावर माझा विश्वास बसतो, आणि विश्वास बसला की बाकीच्या दाव्यांकडेही मी वेगळ्या नजरेने पाहते.

म्हणूनच मला असं वाटतं की ‘एवढ्या वेळात नवं काही होत नाही’ हे तुझ्या लीडरचं म्हणणं चुकीचं आहे. शून्यातून पूर्ण ॲप होणार नाही, हे खरं. पण सीनियरचं मॉडेल त्याच्या परवानगीने घ्यायचं, तुमच्या भागात सध्या शेतात जे पीक उभं आहे त्यावरच्या रोगट आणि चांगल्या पानांचे शे-दीडशे फोटो मोबाइलवर काढायचे, गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवून कुठला रोग ते नक्की करून घ्यायचं, आणि मॉडेल त्यावर किती वेळा चुकतं ते मोजायचं, हे एका आठवड्यात होतं. मग ‘ओळखता येत नाही’ असं उत्तर द्यायची सोय त्यात घालायची, म्हणजे जास्वंदीला ते टोमॅटो म्हणणार नाही. हे काम पूर्णपणे तुमचं असेल. ते सीनियरच्या प्रोजेक्टपेक्षा आकाराने लहान असेल, तरी मी त्याला जास्त गुण देईन, आणि माझ्याबरोबर बसणाऱ्या बऱ्याच परीक्षकांनाही मी तसंच करताना पाहिलंय.

पीपीटी तुझ्याकडे आहे, तर दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवरच आधीचं काय, उसनं काय आणि आम्ही केलेलं काय ते लिही. सीनियरचं नाव आणि वर्ष, फोटोसंचाचं नाव, वापरलेल्या लायब्ररी, कुठल्या एआयची मदत घेतली ते, आणि तुमच्यातल्या कोणी कुठला भाग केला ते. कोडच्या बाजूने हेच दाखवायचं असेल तर सीनियरचा कोड जसा मिळाला तसाच पहिल्या कमिटमध्ये (कमिट म्हणजे कोडमधल्या बदलांची तारखेसह नोंद) टाका, त्याला ‘आधीचं काम’ असा टॅग द्या आणि त्यानंतर आपलं काम छोट्या छोट्या कमिटमध्ये करत जा. पहाटे चार वाजता २०० फाइलींची एकच कमिट दिसली की मला विचारावंच लागतं. कमिटची तारीख हाताने बदलता येते, हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. तरी ज्याचं काम आहे त्याच्या नोंदीत मधले चुकलेले प्रयत्न दिसतात, आणि तेच पाहून मला बरं वाटतं.

डेमोबद्दलही सांगते, कारण तिथे चांगली मुलंसुद्धा घसरतात. नेट चालणार नाही म्हणून आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवणं चालतं, ‘हा रेकॉर्ड केलेला आहे’ एवढं बोललात तर. एखादा भाग झालाच नाही, तिथे ठरलेलं उत्तर लिहून ठेवलंय, तेही चालतं. ‘हा भाग सध्या नमुन्यापुरता आहे’ असं तोंडाने सांगा. न सांगता दाखवलं की ती फसवणूक होते. सांगायला पाच सेकंद लागतात, आणि ती पाच सेकंदं वाचवण्यासाठी मुलं काय काय करतात हे पाहून मला फार वाईट वाटतं.

चॅटजीपीटीचं. आयोजकांनी मनाई केली असेल तर विषय संपला. नसेल, तर माझ्या लेखी तेही सीनियरच्या कोडसारखंच उसनं आहे. वापरलं तर सांगायचं. फरक एवढाच की सीनियर माणूस आहे, त्याची रात्रीची जागरणं त्यात आहेत, त्यामुळे त्याचं नाव गाळणं जास्त लागतं. मी एआयने लिहिलेल्या कोडला हरकत घेत नाही, पण टेबलापाशी बसून एक छोटा बदल समोर करायला सांगते. उत्तर मराठीत दाखवा, किंवा खात्री ६० टक्क्यांहून कमी असेल तर शेतकऱ्याला दुसरा फोटो काढायला सांगा, असं काहीतरी. तो बदल नेमका कुठे करायचा हे ज्यांना कळतं त्यांनी कोड स्वतः लिहिला असो की लिहून घेतला असो, तो त्यांच्या ताब्यात आहे. लीडरला विचार, सीनियरच्या कोडमध्ये त्याला असा बदल करता येईल का.

आता ‘सगळेच करतात’. काही जण करतात, मी पाहिलंय. त्यातले काही पकडले जात नाहीत आणि बक्षीसही घेऊन जातात, हेही पाहिलंय. खोटं कायम उघडं पडतं असं तुला सांगणार नाही. माझं कारण वेगळं आहे. कॉलेजातून पुढे किती टीम पाठवायच्या हा आकडा ठरलेला असतो. तुमच्या टीमने सीनियरच्या वर्षभराच्या कामावर जागा घेतली, तर आठवडाभर खरोखर राबलेल्या दुसऱ्या कोणत्या तरी सहा जणांची जागा गेली. ती मुलं त्याच कॅन्टीनमध्ये तुमच्या शेजारच्या टेबलावर बसतात.

माझ्या हातूनही एक चूक झाली आहे, आणि ती मी आजवर फार कमी जणांना सांगितली आहे. मेंटर म्हणून मी नवीन होते. पहाटे एका टीमचं लॉगिन काही केल्या चालेना, मुली रडकुंडीला आलेल्या. मी त्यांच्यातल्या एकीचा लॅपटॉप ओढला आणि तासाभरात तो भाग स्वतः लिहून दिला. त्या वेळी मला तो जिव्हाळा वाटला. सकाळी परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. ज्या मुलीने रात्रभर त्या चुकीचा माग काढला होता, तिला माझा कोड समजावता आला नाही आणि ती गप्प उभी राहिली. तिचं स्वतःचं अर्धवट लॉगिन तिला पूर्ण समजावता आलं असतं. मी तिचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं. तेव्हापासून मी मेंटर असताना कीबोर्डला हात लावत नाही. प्रश्न विचारते, कुठे बघायचं ते बोट दाखवते. घरी बसून फोनवर कोड पाठवणारा दादा आणि पैसे घेऊन रेडीमेड प्रोजेक्ट देणारा, हे दोघंही असंच काहीतरी काढून घेतात, फक्त ते सकाळी समोर हजर नसतात.

तुझ्या जागेबद्दल. टीममध्ये एक तरी मुलगी हवी हा नियम मुलींना कामात जागा मिळावी म्हणून आहे. अर्जावर नाव आणि हातात पीपीटी एवढ्यावर तो पाळला जात नाही. ही सुद्धा अप्रामाणिकपणाचीच एक तऱ्हा आहे, आणि ती तुझ्यावर होतेय, हे तू स्वतः प्रश्नात फक्त ओझरतं लिहिलंयस. मी तुझ्या जागी असते तर फोटो गोळा करणं आणि मॉडेल तपासणं हे काम मागून घेतलं असतं. या प्रोजेक्टचा गाभा तोच आहे, आणि त्याला कोडिंगमध्ये खूप पुढे असावं लागत नाही. चिकाटी लागते, वही लागते.

लीडरशी ग्रुपवर बोलू नकोस. चारचौघांत कोणी मागे हटत नाही. एकट्याला गाठ आणि आरोप न करता सांग: ‘स्टेजवर मी बोलणार आहे. मला विचारलं की हे कधी केलं, तर मी खोटं सांगू शकणार नाही. त्यापेक्षा सीनियरचं नाव टाकून आपण शेतातल्या फोटोंची तपासणी जोडू. ते काम मी घेते, शुक्रवारपर्यंत आकडे देते.’ नुसता नकार दिलास तर तू अडचण ठरशील; काम उचलून बोललीस तर त्याला होकार देणं सोपं जाईल. माझ्या अनुभवात बरीच मुलं लबाडीपेक्षा घाबरून असं करतात, त्यांना दुसरा रस्ता दिसला की ती वळतात.

तरीही तो नाही म्हणाला, तर काय करायचं हे तुझ्या कॉलेजच्या वातावरणावर आहे. मुलगी नसेल तर त्यांची टीम पात्रच होत नाही, त्यामुळे ‘काढून टाकू’ हे वाटतं तितकं सोपं नाही. पण ते ऐनवेळी दुसरी कोणी शोधूही शकतात, त्याची तयारी ठेव. तसं झालं तर माझा सल्ला नाव मागे घेण्याचा आहे, आणि तेही शुक्रवारी रात्री नाही, दोन-तीन दिवस आधी, म्हणजे त्यांनाही वेळ मिळेल. तक्रार करायची की नाही ते तू ठरव. नाव न घेताही स्पॉकना विचारता येतं: ‘आधीच्या वर्षीच्या प्रोजेक्टवर पुढे काम केलं तर चालेल का, आणि श्रेय कसं दाखवायचं?’ हा प्रश्न लेखी विचार, मेलवर. उत्तर आलं की ते टीमला दाखव. मग तो तुझा हट्ट राहत नाही, फेरीचा नियम होतो.

आणि या सगळ्याच्या आधी सीनियरला फोन कर, तूच कर. बहुतेकांना कोणी आपलं काम पुढे नेतंय हे ऐकून आनंदच होतो. परवानगी माग आणि त्याबरोबर हेही विचार, की त्याचं मॉडेल कुठे कुठे चुकलं होतं. बीईच्या सादरीकरणात न दाखवलेले, फसलेले फोटो त्याच्या लॅपटॉपवर एखाद्या फोल्डरमध्ये पडलेले असणारच. ते माग. शनिवारची तुझी तपासणी तिथूनच सुरू होईल.